दुर्बिणीच्या पोटातील काळोख

(आपल्या समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय चिटणीसांनी आमच्यावरच सोपविला होता. आम्ही तो कळविला तेव्हा ते क्षणभर स्तब्ध झाले आणि मग म्हणाले, "गुरुजी, नुसत्या काळ्या रंगावर पाऊण तास?" त्यांचे आश्चर्य रास्त होते. अशा प्रसंगी शिक्षणाचे महत्त्व, संघटनेची आवश्यकता किंवा लग्नातील अवाजवी खर्च यांवर बोलण्याची वहिवाट आहे, आणि त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते या व्यासपीठावर बसलेले आहेत. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. प्राथमिक शाळेत ३८ वर्षे खडू झिजविला. शास्त्रज्ञ म्हणून मिरविण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि हा विषय निवडण्यास दोन कारणे घडली. एक असे की तो आपल्या शिंप्यांच्या कापडाशी आपणांस वाटतो त्याहून फार जवळचा आहे. दुसरे असे की त्यात आमची एक चूक गुंतलेली आहे. ती चूक चारचौघांदेखत झाली होती, तेव्हा तिची कबुलीही चारचौघांदेखत देणे आम्हांस प्राप्त आहे.

१९९९ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही शाळेसाठी एक दुर्बीण करावयास घेतली. न्यूटनच्या धर्तीची, म्हणजे भिंगाऐवजी खोलगट आरशाने प्रकाश गोळा करणारी. अशा दुर्बिणीचा जीव तिच्या आरशात असतो, आणि तो आरसा हाताने घासून करता येतो. सहा इंच व्यासाच्या जाड काचेच्या दोन चकत्या घ्यावयाच्या, त्यांच्यामध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालावयाचे, आणि एक चकती दुसरीवर तासन्‌तास घासावयाची. वरची चकती हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. पूड क्रमाक्रमाने बारीक करीत न्यावयाची आणि शेवटी पिच नावाच्या डांबरासारख्या थरावर काचेला पॉलिश करावयाचे. हे सर्व काम आमच्या एका विद्यार्थ्याने केले. त्याचे नाव येथे सांगत नाही. तो आपल्याच समाजातला, तेव्हा १४ वर्षांचा होता. वडिलांच्या शिलाईयंत्राशेजारी पिंप उभे करून त्यावर त्याने तो आरसा महिना-दीड महिना घासला. त्याच्या बोटांची टोके पांढरी पडलेली आम्ही पाहिली आहेत.

नळी आमच्याकडे होती. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून ती वळवून घेतली आणि आतून काळी करावयाची म्हणून उत्तम प्रतीचा काळा ऑईलपेंट आणून दोन हात दिले. नळी आतून अशी काही तकतकू लागली की आम्ही समाधानाने मान डोलावली. ती तकतकच पुढे आमच्या फजितीचे कारण होणार होती, हे त्या वेळी ध्यानात आले नाही.

त्या वर्षीच्या थंडीत शाळेच्या पटांगणात दुर्बीण उभी केली. गावकरी जमले, पंचायतीची मंडळी आली, तालुक्याहून अधिकारी आले. चंद्र दिसला, पण त्याच्या भोवतीचे आकाश काळे न दिसता पातळ ताकासारखे पांढुरके दिसत होते. गुरूच्या अंगावरचे पट्टे ओळखू येईनात. पुढे अमावास्येच्या सुमारास मृगातील तेजोमेघ लावून पाहिला, तोही धुरकट. पाहुण्यांपैकी एकाने विचारले, "गुरुजी, हे असे का?" आम्ही सर्वांदेखत उत्तर दिले, "मुलाने पॉलिश आटोपते घेतले असावे."

पॉलिश अपुरे राहिलेला आरसा प्रकाश विखुरतो, हे खरेच आहे. म्हणून आमचे निदान सर्वांस पटले. त्या मुलासही पटले, आणि हीच गोष्ट आज आम्हांस अधिक लागते. तो काही बोलला नाही. पुढे तो दहावी झाला, वडिलांच्या दुकानात बसला, आणि काचेला त्याने पुन्हा हात लावला नाही. आमच्या एका वाक्याने तो त्या वाटेवरून वळला असे आम्ही म्हणत नाही. वळला नाही असेही आमच्याने म्हणवत नाही.

दुर्बीण माळ्यावर गेली. २०२१ साली आमच्या नातवाने ती खाली काढविली. संध्याकाळची वेळ होती. डोळा लावावयाची नेत्रिका सापडेना, म्हणून आम्ही तिच्या रिकाम्या भोकाला सहज डोळा लावला. समोर लहान तिरपा आरसा दिसला, त्याच्यात मोठ्या आरशाचे वर्तुळ दिसले, आणि त्याच्या भोवती नळीची पलीकडची भिंत. त्या काळ्या भिंतीवर रस्त्यावरच्या विजेच्या दिव्याची लांबलचक झळाळती रेघ उमटली होती. आरशाचा येथे काय संबंध? दिवा नळीच्या तोंडातून आत शिरत होता, आमच्या तकतकीत रंगावर आपटत होता आणि थेट डोळ्यात येत होता. बावीस वर्षे ज्याचे माप आम्ही त्या मुलाच्या पदरात घातले होते, ते वस्तुतः आमच्या कुंचल्याचे होते.

अशा प्रकाशास आम्ही आगंतुक प्रकाश म्हणतो. ज्या तारकेकडे पाहावयाचे तिचा प्रकाश हा बोलावलेला पाहुणा, आणि बाजूने घुसून भिंतींवर आपटत येणारा तो आगंतुक. आगंतुक प्रकाश तेजस्वी वस्तूस झाकीत नाही. तो सगळ्या चित्रावर सारखा पसरतो आणि मंद वस्तू बुडवितो. भरल्या मांडवात कोणी कानाशी कुजबुजले तर ते ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार. दुर्बीण असो, कॅमेरा असो वा सूक्ष्मदर्शक असो, प्रत्येकाच्या आतील बाजू काळी करण्याचा खटाटोप याचसाठी असतो. जुन्या छायाचित्रकाराच्या डोक्यावरचे काळे कापडही आगंतुकास बाहेर ठेवण्यासाठीच होते, आणि ते कापड आपल्यापैकीच कोणीतरी शिवून दिलेले असे.

आता प्रश्न असा की काळा रंग दिला असताना तो चमकला का? ऑईलपेंट म्हणजे रोगणात कालविलेली काजळी. काजळी प्रकाश गिळते, पण प्रकाश काजळीपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्यास रोगणाचा गुळगुळीत पृष्ठभाग ओलांडावा लागतो. तो पृष्ठभाग काचेसारखाच वागतो. समोरून सरळ पडलेल्या प्रकाशाच्या १०० भागांपैकी सुमारे ४ भाग तो परत फेकतो. प्रकाश जसजसा कलता पडेल तसतसे हे प्रमाण वाढत जाते. उभ्या लंबापासून ८० अंश कलल्यास सुमारे ३९ भाग, आणि ८५ अंश कलल्यास ६१ भाग परत येतात. म्हणजे भिंतीला घासून जाणाऱ्या प्रकाशास काळा ऑईलपेंट आणि आरसा यांत फारसे अंतर राहत नाही. आणि दुर्बिणीच्या लांब नळीत प्रकाश नेमका तसाच, भिंतीला घासत येतो.

हे आम्हांस पुस्तकातून कळावयाची वस्तुतः गरजच नव्हती. खिडकीजवळच्या कोपऱ्यातील बाकावरची मुले ३८ वर्षे आम्हांस सांगत होती, "गुरुजी, दिसत नाही, फळा चमकतो." समोर बसलेल्यास जो फळा काळाभोर, तोच कडेला बसलेल्यास पांढरा. आम्ही त्या मुलांस पुढे सरकून बसावयास सांगत असू. फळा का चमकतो, याचा विचार मात्र केला नाही.

यावर उपाय काय, हे आपल्या दुकानातील कापडच सांगते. साटीन आणि मखमल एकाच काळ्या रंगात बुडवून काढली तरी मखमल अधिक काळी दिसते. रंग तोच, मग हा अधिकचा काळेपणा आला कोठून? साटिनीचे धागे आडवे, सपाट लोळलेले असतात. प्रकाश त्यांच्यावरून घसरून डोळ्यात येतो. मखमलीची लव उभी असते. प्रकाश लवेच्या दोन केसांमध्ये शिरतो, एकावरून दुसऱ्यावर आपटतो, प्रत्येक आपटीत थोडा थोडा गिळला जातो, आणि बाहेर यावयास फारसे काही उरत नाही. काळेपणा केवळ रंगात नसतो, तो पोतात असतो. आम्हांस आज जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच.

एकदा ही किल्ली हाती आली म्हणजे सर्व उपायांचा उलगडा होतो. काजळ धरलेला पत्रा इतका काळा का, तर काजळी भुसभुशीत बसते. पण जी काजळी बोटास लागते तीच उद्या आरशावर पडते, म्हणून ती कामाची नाही. फळ्याचा रंग ऑईलपेंटपेक्षा चांगला, कारण त्यात चकाकी मारलेली असते. पण कडेने पाहिल्यास तोही चमकतो हे वर आलेच आहे. म्हणून हौशी दुर्बीणकार फळ्याच्या ओल्या रंगावर लाकडाचा चाळलेला भुसा भुरभुरवितात आणि वाळल्यावर पुन्हा रंग देतात. भुशाच्या लहानमोठ्या टेकड्यांमुळे कलत्या प्रकाशास घसरावयास सपाट वाट उरत नाही.

याच तत्त्वाचे शिखर इंग्लंडमधील सरे नॅनोसिस्टिम्स या कंपनीने २०१४ साली गाठून दाखविले. व्हँटाब्लॅक नावाच्या तिच्या लेपात कार्बनच्या, केसाहून हजारो पटींनी बारीक अशा नळ्यांचे उभे दाट रान असते. प्रकाशाचे ९९.९६५ टक्के ते गिळते. म्हणजे ती मखमलच, फक्त तिची लव डोळ्यास न दिसणारी. तो मूळ लेप कुंचल्याने द्यावयाचा रंग नव्हे, तो भट्टीसारख्या तप्त पेटीत पृष्ठभागावर वाढवावा लागतो. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनी २०१६ साली त्याचा कलेतील वापराचा एकट्याचा हक्क मिळविला, तेव्हा कलावंतांत मोठा वाद माजला होता. सामान्य माणसाच्या आवाक्यातले रंगही त्यानंतर आले. जपानमधून २०२० साली आलेला मुसो ब्लॅक हा पाण्यात मिसळणारा रंग ९९.४ टक्क्यांपर्यंत प्रकाश गिळतो, असे त्याचे उत्पादक सांगतात. अशा रंगांची एक नाजूक बाजू मात्र ध्यानात ठेवावी. त्यांचा काळेपणा पोतात असल्यामुळे त्यांवरून बोट फिरविले की पोत चेपतो आणि तेथे चकाकी येते. इस्त्रीचा तवा मखमलीवर ठेवल्यास काय होते, ते या सभेत कोणास सांगावयास नको.

येथे अंकगणिताचा एक धडा घेतो. साधा मॅट रंग १०० पैकी ५ भाग प्रकाश परत फेकतो असे धरू. उत्तम रंग ०.६ भाग फेकतो. पहिला आठपट वाईट झाला. पण प्रकाशास डोळ्यापर्यंत येण्यापूर्वी एकदा न आपटता दोनदा आपटावयास लावले तर? साध्या रंगावर ५ टक्क्यांचे ५ टक्के, म्हणजे ०.२५ टक्के. एका आपटीतील उत्तम रंगाच्या निम्म्याहूनही कमी! म्हणून जाणते कारागीर नळीच्या आत जागोजागी पातळ कडी बसवितात. त्यांस बॅफल म्हणतात. घासत येणारा प्रकाश कडीवर समोरून आदळतो, तेथून मागे फिरतो आणि दुसऱ्या भिंतीवर मरतो. उत्तम रंग आणि कडी दोन्ही असल्यास १० लाख भागांपैकी ३६ भाग उरतात. सांगावयाचा मुद्दा असा की महाग डबा परवडत नाही म्हणून कोणी हात जोडून बसू नये. ज्याच्याजवळ रंग साधा आहे त्याने रचना चांगली करावी.

हा केवळ हौशी लोकांचा खेळ नव्हे. सूर्याच्या बिंबाभोवती प्रभामंडल असते, परंतु ते बिंबाच्या सुमारे १० लाखांश इतके मंद असल्याने एरवी दिसत नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहण झाले, तेव्हा पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी नायगामवाला यांनी त्यासाठी सोलापूरकडील जेऊर येथे तळ ठोकला होता. बिंब झाकावयास त्या काळी चंद्राचीच वाट पाहावी लागे. पुढे १९३० च्या सुमारास फ्रान्समधील बर्नार्ड ल्यो यांनी दुर्बिणीतच बिंब झाकणारी चकती बसविली. २ सप्टेंबर २०२३ रोजी आकाशात गेलेल्या आपल्या आदित्य-एल१ या यानावर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने केलेले असेच यंत्र आहे. जेथे १० लाखांत एक भाग प्रकाश टिपावयाचा, तेथे भिंतीवरून आलेला एक चुकार किरणही सगळे काम बिघडवितो. अशा यंत्रांत आरसा घडविणाऱ्याइतकेच काम काळोख घडविणाऱ्यास असते.

आता पुन्हा आमच्या नळीकडे. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या विद्यार्थ्याच्या दुकानात गेलो. तो आता ३६ वर्षांचा, दोन मुलांचा बाप. आम्ही म्हणालो, "अरे, तुझा आरसा चांगला होता. रंग आमचा चुकला होता. त्या दिवशी सर्वांसमोर तुला बोल लावला, तो आमचा अन्याय झाला." त्याने यंत्रावरचा पाय उचलला, थोडा वेळ गप्प राहिला, आणि म्हणाला, "जाऊ द्या, गुरुजी. बसा." चहा आला. मग आम्ही नेत्रिकेच्या समोरच्या भिंतीवर चिकटविण्यासाठी काळ्या मखमलीचा तुकडा मागितला. त्याने ठाण काढले, कात्री हातात घेतली आणि विचारले, "लव कोणीकडे ठेवू?"

आम्ही गोंधळलो. तेव्हा त्यानेच समजाविले की मखमलीची लव एका बाजूस झुकलेली असते. लव वर करून बेतले तर कापड गडद दिसते, खाली करून बेतले तर फिके. म्हणून एका पोशाखाचे सर्व भाग एकाच दिशेने बेतावे लागतात. आम्ही विजेरी मागविली, तुकडा दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. लवेची टोके प्रकाशाकडे केली तर तुकडा विहिरीसारखा काळा दिसे. उलट केला की करडा. एवढी साधी गोष्ट आम्ही वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात आम्हांस आढळली नव्हती. लव नळीच्या तोंडाकडे राहील असा तुकडा त्याने बेतून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

उरलेले काम दोघांनी मिळून केले. नळीतील ऑईलपेंट काचपेपराने घासून काढला. फळ्याचा रंग, भुसा आणि पुन्हा रंग असे थर दिले. पुठ्ठ्याच्या तीन कड्या बसविल्या. आरशाकडे येणारा उपयोगाचा प्रकाश त्या अडवीत नाहीत, हे दोरी लावून आधी मोजून घेतले. लहान आरशाची कड आणि नेत्रिकेच्या नळकांड्याची आतील बाजू काळी केली. नळीच्या तोंडास हातभर काळ्या पुठ्ठ्याची टोपी जोडली, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यास आत डोकावता येऊ नये. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, चांगले तीन आठवडे, आरसा बाहेरच ठेवला, कारण रंगाची वाफ आरशावर बसते. मखमलीची गोष्ट निराळी. ती दमट हवेत बुरशी धरते, म्हणून दर पावसाळ्यानंतर तपासावी आणि खराब झाल्यास बदलावी. जे विद्यार्थी हे करून पाहतील त्यांस एक ताकीद: दुर्बीण कधीही सूर्याकडे रोखू नये, डोळा कायमचा जाईल.

काम संपल्यावर नेत्रिका न लावता आम्ही पुन्हा त्या भोकास डोळा लावला. दिव्याची रेघ नव्हती. आरशाचे वर्तुळ तेवढे उजळ, आणि भोवती काही नाही. मग नेत्रिका लावून चंद्र पाहिला. कडा सुरीने कापल्यासारखी होती आणि तिच्या लगतचे आकाश काळे होते. आरसा तोच होता. बावीस वर्षांत त्यास कोणी हात लावला नव्हता. आमच्या मागून त्याने डोळा लावला, पुष्कळ वेळ पाहिले, आणि डोळा न काढता हळूच म्हणाला, "म्हणजे पॉलिश बरे झाले होते, गुरुजी." आम्ही "होय" म्हणालो. आणखी काही बोलणे आम्हांस सुचले नाही.

बंधुभगिनींनो, शिक्षकाने मुलास बोल लावण्यापूर्वी, आणि बापाने लेकास नालायक म्हणण्यापूर्वी, ज्या नळीत आपण त्याचे काम बसविले ती आतून एकदा पाहावी. पुष्कळ वेळा दोष काचेत नसतो. भोवतालच्या भिंतीवरील आपल्याच हौसेच्या तकतकीत असतो. ती दुर्बीण आज कार्यालयाच्या गच्चीवर उभी केली आहे. भोजनोत्तर ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी यावे. नेत्रिका लावण्यापूर्वी प्रत्येकाने रिकाम्या भोकातून तिच्या पोटातील काळोख एकदा पाहून घ्यावा, एवढी विनंती आहे.